एका फळीवर न उमटलेलं पाऊल

१

माझी धाकटी बहीण घरामागच्या लाकडी डेकवर सापडली तेव्हा तिच्या अंगावर शाल होती, पायांत लोकरी मोजे होते आणि बाजूला थर्मास होता. थर्मासशेजारी दोन कप. म्हणजे बाई चक्कर येऊन पडली नव्हती. चांगली बैठक मारून कुणाची तरी वाट बघत बसली होती आणि बसल्या जागी गारठून आडवी झाली होती.

शेजारचे गृहस्थ सकाळी झाडांना पाणी घालायला बाहेर आले, तेव्हा कुंपणावरून त्यांना ती दिसली. हाका मारूनही उठेना, म्हणून या वयात ते कुंपण चढून आले. तिचे ओठ निळे पडले होते. त्यांनी आधी अँब्युलन्स बोलावली आणि मग मला फोन केला.

"जिवंत आहेत," त्यांनी आधी तेवढंच सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. एरवी हा माणूस सरळ बोलेल तर शपथ. "दवाखान्यात नेलंय. आणि हे बघा, काल रात्री पावलं उमटली नाहीत."

"कसली पावलं?"

"अरेच्चा! तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही?"

"काय सांगितलं नाही? नीट बोला ना, माझा जीव टांगणीला लागलाय इथे."

"अहो, तुमचे मेहुणे येतात," ते आवाज खाली आणून म्हणाले. "रात्रीचे. अनवाणी."

मेहुण्यांना जाऊन तेव्हा एक हिवाळा आणि एक उन्हाळा उलटला होता.

२

मी मोठी. धाकटीपेक्षा बरीच मोठी आणि तिच्या मानानं बरीच खडूस, असं सगळ्या नातेवाइकांचं मत आहे. उभी हयात बांधकाम कंपनीच्या खरेदी खात्यात गेली. आता कुणाला घरामागे डेक बांधायचा असला की मी माल जमवून देते. लाकूड कोणत्या वखारीतलं, स्क्रू कोणते, खालच्या चौकटीला पट्ट्या कसल्या, सगळं. लोकांना वाटतं, चार फळ्या ठोकल्या की झाला डेक. ठोका म्हणावं. दोन पावसाळ्यांनी रडत माझ्याकडेच येता.

धाकटीच्या घरचा डेक मेहुण्यांना हवा होता. झोपायच्या खोलीचं काचेचं दार बागेत उघडतं, तिथून झाडांपर्यंत लाकडी ओटा असावा आणि त्यावर संध्याकाळी बसावं, एवढीच त्यांची हौस. आजारपणात ते राहून गेलं. ते गेल्यावर धाकटीनं बोलणं टाकलं, जेवण टाकलं. तेव्हा मी म्हटलं, निदान हे तरी करू, माल माझा.

ओक घेतलं. लाकूड नंबर एक, पण तुरट. त्याला लोखंड लागलं आणि वर ओल आली की काळे डाग पडतात. कच्चं केळं लोखंडी सुरीनं चिरलं की बोटं काळी होतात ना, तसेच. म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत, दुसरे चालणार नाहीत. यावरून हार्डवेअरच्या दुकानात मी असा काही तमाशा केला होता की मला येताना पाहिलं की मालक आत चहा प्यायला जायचा.

दवाखान्यात भाचा व्हरांड्यात उभा होता. आईच्या खोलीबाहेर, भिंतीला पाठ लावून. त्याची शहराच्या दुसऱ्या टोकाला रोपवाटिका आहे, नखांत कायम माती. आज चेहराही मातीसारखाच झाला होता.

"आत का नाही जात रे?"

"झोपली असेल, मावशी."

"झोपली असली तर बघून ये. बघायला काय तिकीट आहे?"

तो हलला नाही. मी एकटीच आत गेले.

डॉक्टरीणबाई सलाइन बघत होती. वयानं माझ्या मुलीसारखी, पण बोलायला खमकी. "या खेपेला वाचल्या," ती म्हणाली. "हृदय आधीच थकलेलं आहे. आणखी एक रात्र अशी थंडीत काढली, तर माझ्या हातात काही राहणार नाही. आणि शुद्धीवर आल्यापासून यांचं एकच चाललंय, घरी सोडा."

धाकटीनं डोळे उघडले. चेहरा इतकासा झाला होता, पण डोळ्यांत मला कित्येक महिन्यांत न दिसलेली चमक होती. ती चमक बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"ताई, मला घरी ने. रात्री डेकवर बसायचंय."

"वेड लागलंय का तुला? मरशील!"

"यायची वेळ तीच असते गं."

"कुणाची?"

ती माझ्याकडे बघून गोड हसली आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडली. पुढे कितीही विचारलं तरी एक शब्द नाही. लहानपणापासून हे असंच. डोक्यात काही घेतलं की घेतलं.

उद्यापरवा तिला सोडणार होते. घरी गेली की ती बाहेर बसणार आणि गारठून जाणार, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. ती पावलं कुणाची आहेत हे त्याआधी तिच्यापुढे ठेवायला हवं होतं. मी तिच्या घराची किल्ली घेतली आणि निघाले.

३

घर बंद होतं तरी बंद वाटत नव्हतं. स्वयंपाकघरात एक ताट झाकून ठेवलेलं, झोपायच्या खोलीत काचेच्या दाराला लागून एक पायपुसणं, आणि काचेवर आतल्या बाजूनं, माणसाच्या कपाळाच्या उंचीला, एक धुरकट ठसा. कुणीतरी इथे काचेला डोकं टेकून उभं राहत होतं. धाकटीच, दुसरं कोण असणार? स्वतःला असं समजावून मी कडी काढली आणि खाली बघितलं.

पावलं होती.

काळी, निळसर झाक असलेली, अनवाणी पावलं. बागेकडच्या पायरीवरून चढून सरळ दाराकडे आलेली. एकदाच आलेली नव्हेत. जुनी फिकट, त्यांवर नवी गडद, अशी पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं आलेली. टाच, तळवा, बोटं, सगळं स्पष्ट. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

मेहुण्यांच्या एका पायाला करंगळी नव्हती. तरुणपणी लाकडं फोडताना गेली, हे मला ऐकून माहीत. पाहिली मात्र कधीच नाही, कारण त्यांना त्याची इतकी लाज की घरातसुद्धा मोजे घालून वावरायचे.

मी दाराबाहेरच थांबले. खोटं कशाला बोलू, अंगावर सरसरून काटा आला. सगळी पावलं दाराकडे येत होती. परत जाणारं एकही नव्हतं. आणि दाराशी, मी आत्ता जिथून बाहेर आले तिथेच, दोन्ही पावलं जोडून, आत तोंड करून उभी होती. त्या जागी काळा रंग सगळ्यांत दाट होता. जो कोणी येत होता, तो इथे बराच वेळ उभा राहत होता. माझी पाठ त्या दाराकडे होती. मागे वळून काचेत बघायचा मला धीर होईना.

मग मी स्वतःलाच दरडावलं. म्हातारे, तू खरेदी खात्यातली आहेस. आलेला माल तपास.

गुडघे टेकून एकेक फळी बघत गेले. फळ्या आडव्या टाकल्या होत्या, म्हणजे दाराकडे येणारा प्रत्येक फळी ओलांडून येणार. मधल्या एका फळीपाशी आले आणि थांबले. त्या फळीवर पाऊल तुटलं होतं. म्हणजे बोटं पुढच्या फळीवर होती, टाच मागच्या फळीवर होती, आणि मधला पाय नव्हता. करवतीनं कापून काढल्यासारखा तेवढा पट्टा कोरा.

"तिथे असंच असतं," कुंपणापलीकडून आवाज आला आणि मी केवढ्यांदा दचकले! शेजारचे गृहस्थ, हातात पाण्याची झारी. "रोज तिथेच तुटतं पाऊल. मी म्हणतो, त्या फळीखाली काहीतरी आहे."

"काही नाही खाली," मी म्हटलं. "पण वर आहे."

कारण आता मला ती फळी आठवली होती. काम संपत आलं असताना ओकची एक फळी तडकली. वखारीत तसल्या मापाची दुसरी शिल्लक नव्हती. सुतारानं मला फोन केला, आणि मी दुसऱ्या वखारीतून पाइनची फळी पाठवून त्याला म्हटलं, रंग मारून जुळवून घ्या, कुणाला कळायचं नाही. खरोखरच कुणाला कळलं नव्हतं. पाइनच्या लाकडात तो तुरटपणा नसतो. त्याला लोखंडाचं पाणी लागलं तरी ते असं काळं पडत नाही.

मेलेल्या माणसाला लाकडाची जात बघून पाय टाकायचं काय कारण? हे पाऊल रंगाचं नव्हतं, चिखलाचं नव्हतं आणि परलोकातलं तर मुळीच नव्हतं. कुणीतरी लोखंडाच्या पाण्यात पाय बुडवून या ओकवरून चालत होतं. चालताना काही दिसायचं नाही. पहाटेपर्यंत दव पडायचं आणि पावलं आपोआप काळी होऊन वर यायची.

भीती गेली आणि तिच्या जागी असा संताप आला की विचारू नका. विधवा बाईच्या दाराशी तिच्या नवऱ्याची पावलं काढणारा हा नालायक आहे तरी कोण?

४

सुताराला मी लगेच बोलावून घेतलं. आला, आणि पावलं बघून डेकवर चढेचना. पायरीपाशीच चप्पल हातात घेऊन उभा.

"बाई, मी नीट काम केलंय. असलं काही माझ्या हातून नाही झालेलं."

"स्क्रू मी दिले तेच बसवलेत की लोखंडी बसवून माझे विकून खाल्लेत?"

"अहो, काय बोलता!" तो खरंच दुखावला. "काढून बघा."

काढून बघितले. माझ्या पर्समध्ये लोहचुंबक असतो, लोकांच्या पर्समध्ये कंगवा असतो तसा. एकही स्क्रू त्याला चिकटला नाही.

"लाकूड काळं करायचं पाणी असतं तुमच्याकडे?"

"असतं की. लोखंडी कीस सिरक्यात भिजवतो. नव्या लाकडाला जुनेपणा आणायला लागतं." मग त्याला प्रश्नाचा रोख कळला आणि तो थेट वर चढून आला, भूतबीत विसरून. "बाई, मला जर पावलं काढायची असती, तर ही फळी मीच बसवली आहे ना? तिच्यावर अर्धं पाऊल सोडून मी स्वतःचंच हसं करून घेईन? आणि तुमच्या मेहुण्यांना मी बघितलेलंसुद्धा नाही. काम धरलं तेव्हा ते नव्हते."

बरोबर होतं. फळी बदलल्याचं फक्त त्याला आणि मला माहीत होतं. करणाऱ्याला माहीत नव्हतं, म्हणून तर तो फसला. मी सुताराची माफी मागितली. मला ते फारसं जमत नाही, पण मागितली.

मग मोर्चा शेजाऱ्यांकडे. या गृहस्थांनी डेक बांधताना कमी कटकट केली नव्हती. त्यांच्या भाजीच्या वाफ्यावर सावली येते म्हणे. धाकटी घर विकून गेली असती तर त्यांना हवंच होतं. त्यांच्या दगडी वाटेवर शेवाळ साचायचं ते आता साफ दिसत होतं, आणि दाराशी पुडा पडला होता हिराकशीचा.

"हे काय?"

"हिराकस. शेवाळ मरतं त्यानं. तुमच्या भाच्याच्याच रोपवाटिकेतून आणली. झाडांची पानं पिवळी पडली तरी घालतात." माझ्या चेहऱ्याकडे बघून ते बावरले. "का हो?"

हिराकस म्हणजे लोखंडाचंच मीठ. पाण्यात घातली की झालं लोखंडाचं पाणी. सुताराकडे होतं, शेजाऱ्याकडे होतं, भाच्याच्या दुकानात तर पोत्यांनी होतं. मालावरून चोर सापडणार नव्हता.

"मेहुण्यांच्या कोणत्या पायाला करंगळी नव्हती?" मी एकदम विचारलं.

"करंगळी नव्हती?" ते आ वासून म्हणाले. "अहो, मला काय माहीत त्यांना बोटं किती? सदानकदा बूट घातलेले. पावलात बोट कमी दिसलं तेव्हा मी म्हटलं, वर गेल्यावर राहिलं असेल एखादं."

या उत्तरावर मला हसू यावं की रडू, कळेना. पण खोटं बोलणारा माणूस इतकं बावळट उत्तर देत नाही.

मग करंगळीचं माहीत तरी कुणाला होतं? धाकटीला. घरातल्यांना. आणि एका माणसाला, ज्याच्यापुढे त्यांना मोजे काढावेच लागायचे. कोपऱ्यावरच्या बूटवाल्याला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बूटवाले काका चामडं कापता कापता बोलत होते. मेहुण्यांचे बूट त्यांनीच केले, कायम.

"करंगळीच्या जागी मऊ गादी भरायचो. नाहीतर पाऊल आतल्या आत सरकतं आणि चालताना माणूस कलतो."

"डाव्या बुटात ना?"

त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. "डाव्या कशाला? उजव्या. करंगळी उजव्या पायाची गेली होती, ताई. इतकी वर्षं बूट केले मी, मला विचारता?"

मी डेकवरची पावलं पुन्हा मनात तपासली. डेकवरच्या पावलांत नसलेली करंगळी डाव्या पायाची होती. पायरीपासून दारापर्यंत, जुन्या आणि नव्या सगळ्या पावलांत, डाव्या पायाची.

म्हणजे करणाऱ्याला करंगळी माहीत होती. नुसती ऐकून नव्हे; ऐकणाऱ्याला माझ्यासारखी बाजू माहीतच नसती आणि त्यानं ती आधी विचारून घेतली असती. त्यानं ती बघितलेली होती आणि तरीही बाजू चुकला होता. बूटवाले चुकणार नाहीत. धाकटी चुकणार नाही, ती त्यांच्या बरोबरीनं चालली आयुष्यभर. मग बघूनही चुकणार कोण? जो त्या पायांकडे नेहमी समोरून बघायचा. समोरच्याचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला असतो.

आणि मला ते आजारपण आठवलं. मेहुणे पलंगावर, धाकटी उशाशी, आणि पायथ्याशी बसलेला भाचा, बापाच्या पायांना तेल लावत. महिनोन्महिने. मी येई तेव्हा तो तिथेच असे, त्याच जागी.

रोपवाटिकेपर्यंत रिक्षात मी दातओठ खात गेले. आईनं घर विकून आपल्याकडे राहायला यावं म्हणून हा किती दिवस मागे लागला होता! ती ऐकेना. म्हणून हे? बापाचं भूत करून आईला घराबाहेर काढायचं? ज्याला मी लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्याचीच मला किळस आली.

तो कुंड्यांच्या रांगेत ओणवा होता. मी काही न बोलता हिराकशीच्या पोत्यातून मूठभर काढली, त्याच्या पाण्याच्या टमरेलात टाकली आणि पर्समधून ओकचा तुकडा काढून त्यात बुडवला. आम्ही दोघं बघत राहिलो. तुकडा हळूहळू निळाकाळा पडत गेला.

"गेलेली करंगळी उजव्या पायाची होती," मी म्हटलं. "तू चिकटपट्टी लावून डावी लपवलीस."

तो खाली मातीतच बसला. स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे बघू लागला, जणू कुणाचे तरी पाय त्यात आहेत. "माझ्या या हाताला असायचा तो पाय," तो म्हणाला. "याच हाताला."

"लाज नाही वाटली? घरासाठी आईला वेडी करायला निघालास?"

"घर?" त्यानं वर बघितलं. "मावशी, ती जेवत नव्हती. मी गेलो की माझ्याकडे बघायची पण नाही. बाबा गेले तेव्हा मीच होतो पायाशी, ती औषध आणायला गेली होती. मला वाटायचं, मी समोर आलो की तिला तेच आठवतं. मग मी जायचंच बंद केलं. फोनवर विचारायचो, जेवलीस का? ती म्हणायची, नाही. रोज नाही. एकदा रात्री गेलो, पावलं काढली. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून फोन केला. म्हणाली, 'अरे, काल कुणीतरी येऊन गेलं. पावलं आहेत दाराशी.' आणि म्हणाली, 'आज मी भाकरी केली.'"

तो रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं.

"मग मी कसं थांबवणार होतो?" तो म्हणाला. "दाराशी उभा राहून झालं की फडक्यानं पाय पुसायचो, हातातले बूट घालायचो आणि परत यायचो. बूट कोरडे असायचे, त्यांची पावलं उमटत नाहीत."

माझा सगळा राग निथळून गेला. पण एक प्रश्न उरला होता, आणि तो विचारायचं माझ्या अगदी जिवावर आलं. "परवा रात्री, ती बाहेर बसली होती तेव्हा... गेला होतास?"

तो कुंडीतली माती बोटानं उकरू लागला. मी त्याचा हात धरला आणि त्याला उठवलं. "चल. हे मला नको सांगू, तिला सांग."

६

धाकटी उशीला टेकून बसली होती. बाहेर उजाडलेला दिवस ढगाळ होता आणि खोलीत दिवा लावलेला होता. भाचा दारातच थबकला, मी त्याला अक्षरशः ढकलून आत घातलं.

"तुझं भूत आणलंय," मी म्हटलं. मला दुसरं काय बोलावं सुचलंच नाही.

तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग त्याच्या डाव्या बुटाकडे बघून म्हणाली, "उजवा रे, राजा. उजव्या पायाची."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. माझ्या नवऱ्याचा पाय मला माहीत नसेल?"

"मग त्याला सांगितलं का नाहीस, बये?"

"सांगितलं असतं तर आला असता का?" ती मला म्हणाली, पण बघत त्याच्याकडे होती. "दिवसा येत नव्हता. बोलला तर फोनवर, तेही जेवलीस का एवढंच. निदान रात्री येत होता. दाराशी उभा राहायचा. मी आतून, अंधारात, काचेला डोकं लावून उभी राहायचे. मध्ये काच तेवढी. दार उघडलं असतं तर परत कधी आला नसता."

काचेवरचा तो धुरकट ठसा माझ्या डोळ्यांपुढे आला. मला वाटलं होतं, ही बाई मेलेल्या माणसासाठी बाहेर थंडीत बसते. तिनं मेहुण्यांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. ते आमचं आम्हीच धरून चाललो होतो.

भाचा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. "आई, परवा रात्री मी आलो होतो. बागेच्या फाटकापर्यंत. तू बाहेर बसलेली दिसलीस. मला वाटलं, बाबांची वाट बघतेयस, आणि मी पुढे आलो तर सगळंच संपेल. म्हणून मी परत गेलो. तुला तशीच बसलेली सोडून मी परत गेलो, आई. तू मरत होतीस."

यानंतर तो तिच्या डोळ्यांत पुन्हा कधी बघू शकणार नाही, असं मला वाटलं.

"फाटक वाजलं, ते ऐकलं मी," धाकटी म्हणाली.

त्यानं मान वर केली.

"तुझी चाल मला कळत नाही होय? फाटकापाशी थांबलास तेही कळलं. तोंडाशी आलेली हाक मी गिळली. म्हटलं, हाक मारली तर पळेल पोरगं. गप्प बसते, आपण होऊन येईल. थर्मास भरून बसले होते तुझ्यासाठी. तू गेलास तरी बसूनच राहिले. म्हटलं, येईल परत." तिचा आवाज आता फाटला. "मी तरी कुठे मारली हाक? तू गप्प, मी गप्प. मरेल नाहीतर काय मग माणूस?"

तो पलंगाची कड धरून उभाच राहिला.

"नुसता उभा काय राहिलास?" ती एकदम ओरडली, आमची धाकटी, जी आयुष्यात कधी कुणावर ओरडली नव्हती. "आता मार की हाक!"

"आई," तो म्हणाला. पुटपुटलाच.

"ऐकू नाही आलं."

"आई!"

असा ओरडला की व्हरांड्यातली नर्स धावत आली आणि दवाखान्यात आवाज करू नका म्हणून आमच्यावर डाफरायला लागली. एरवी मी तिला चार शब्द सुनावले असते. पण आज मी नुसतेच हात जोडून तिला बाहेर नेलं आणि दार लावून घेतलं. आतून तो पुन्हा हाक मारत होता, आणि प्रत्येक हाकेला ती ओ देत होती.